टँकरच्या मागोमाग

शहागडला गोदावरीच्या पुलावर उभे राहा. पाठीशी गेवराई, म्हणजे बीड जिल्हा. समोर अंबड तालुका, जालना. महामार्गावरून मालट्रक गेला की पूल पायाखाली थरथरतो. नदीच्या पट्ट्यात ऊस आहे, अंकुशनगरचा साखर कारखानाही इथून जवळच. पण नदीपासून आत सरकलं की उसाची हिरवाई संपते, कापूस-तुरीची रानं लागतात. उन्हाळ्यात त्या रानांमधून एकच वाहन नेमानं ये-जा करताना दिसतं, ते म्हणजे पाण्याचा टँकर.

त्या टँकरच्या मागोमाग चला. आज काळाच्या उलट दिशेनं जायचं आहे आणि सोबत एक पत्रकार आहेत, पालागुम्मी साईनाथ. जन्म मद्रासचा, उमेदीची बरीचशी वर्षं मुंबईच्या वर्तमानपत्रांत गेलेली, आणि गेली तीस वर्षं वाट धरलेली ती आदिवासी पाड्यांची, दलित वस्त्यांची, कोरडवाहू गावांची. आदिवासींच्या हक्कांची गोष्ट दूर कुठल्या तरी जंगलात घडते, आपल्याशी तिचा काय संबंध, असं मराठवाड्यातल्या पुष्कळांना वाटतं. म्हणून सुरुवात शहागडपासून करू.

मार्च २०१३. वडीगोद्रीला महामार्ग सोडून तुम्ही अंबडकडे वळता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोसंबीच्या बागा आहेत, पण पानं वळून काळपट पडलीत. एका बांधावर बागेचा मालक स्वतःच कुऱ्हाड चालवतोय. झाडाची साल अजून ओली आहे, घाव पडला की तो कडवट वास थेट नाकात जातो. बोअर आटलं, विकतचं पाणी घालून बाग जगत नाही, आता निदान सरपण तरी होईल, असा त्याचा हिशोब. पैठणला जायकवाडीचं पाणी तळाला गेलंय. ज्या धरणाचा पायाचा दगड १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवला आणि ज्याच्या भरवशावर अर्धा मराठवाडा बसला, ते धरण आता पिण्यापुरतंही पाणी देताना अडखळतंय.

जालना शहरात शिरलात की टँकरच टँकर. मोठे, छोटे, ट्रॅक्टरला जोडलेले, टेम्पोवर चढवलेले. गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकचे निळे ड्रम ओळीनं मांडलेले, आणि ड्रमला चिंधी, दोरी, रंगाचा फराटा, काही ना काही खूण, म्हणजे आपला ड्रम कुणी नेऊ नये. हॉर्न वाजला की बायका हातातलं काम टाकून धावतात. नळीचं तोंड ड्रममध्ये पडतं, वरून सांडलेल्या पाण्याखाली एक पोरगी कळशी धरून उभी राहते. एक थेंब मातीत जाऊ देत नाही ती.

त्या वर्षी भेगाळलेल्या जमिनीचे फोटो तुम्ही शेकड्यानं पाहिले असतील. साईनाथांनी वेगळंच पाहिलं. हा टँकर कुणाचा? पाणी कुणाच्या विहिरीतून भरलं? तिथं काय भाव, इथं काय भाव? दिवसाच्या खेपा किती? टाकीचा पत्रा किती जाडीचा, आणि टाकी बनवली कुणी? या प्रश्नांचा माग काढत ते थेट अहमदनगर जिल्ह्यात राहुरीला पोचले. तिथल्या कारखान्यांत पत्रा कापून, वाकवून, जोडून टँकर तयार होत होते आणि मराठवाड्याला रवाना होत होते. वेल्डिंगच्या ठिणग्या दिवसरात्र उडत होत्या. एकट्या जालना शहरात रोज ६० ते ७५ लाख रुपयांचं पाणी विकलं जातंय, हा आकडा त्यांच्या ‘द हिंदू’मधल्या लेखात आला. रोजचा आकडा आहे हा. दुष्काळाला स्वतःची बाजारपेठ असते, तिचे मालक असतात, त्या मालकांचे राजकारणात हितसंबंध असतात, आणि याच विभागात मद्याच्या कारखान्यांना लिटरमागे अवघ्या काही पैशांत पाणी मिळतं, हे त्यांनी सरळ मांडलं. हंडाभर पाण्याला कारखान्याच्या कित्येक पट भाव मोजणारी ती बाई हाच त्यांच्या लेखी बातमीचा मध्य होता.

आता अडीच वर्षं मागे. ऑक्टोबर २०१०, औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहर सजलंय, कारण एका दिवसात १५० मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या जाताहेत. किंमत ६५ कोटी. देशभरच्या वर्तमानपत्रांत कौतुकाचे मथळे. तुम्ही गर्दीत मागे उभे आहात. चकचकीत बॉनेटांवर हार घातलेत, पेढे वाटले जाताहेत. साईनाथ बँकेच्या व्याजाचा दर विचारतात. या गाड्यांसाठी सार्वजनिक बँकेनं दिलेलं कर्ज ७ टक्क्यांनी. त्याच जिल्ह्यात शेतकऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा तर दर १२ टक्क्यांच्या वर. पुढं कन्नड तालुक्यातल्या एका बंजारा बाईचा ट्रॅक्टर कर्जापायी कसा गेला, तेही त्यांनी लिहिलं. बंजारा समाज आंध्र-तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. मराठवाडा आणि तेलंगणा दोन्ही एकाच हैदराबाद संस्थानात होते. राज्यांच्या सीमा पडल्या आणि तांड्याचे हक्क त्या सीमेवर बदलले. मराठवाड्यात हा प्रश्न आजही पेटलेला आहे.

२००६. हे वर्ष विदर्भाचं. यवतमाळ, वर्धा, अमरावती. कापसाच्या घरांत फोटोला हार आणि खाली दिवा. साईनाथ एकेका घरात तासन् तास बसतात, मागे राहिलेल्या बाईकडून कर्जाचा हिशोब लिहून घेतात. त्याच वर्षी मुंबईत सुती कपड्यांच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकार अधिकृत नोंदणी करून हजर होते, आणि त्या सुताचा कापूस ज्यांच्या रानात पिकला त्यांच्या आत्महत्यांचं वार्तांकन करायला बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके. हा आकडा त्यांनी जाहीर सभांतून इतक्यांदा सांगितला की पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना तो पाठ झाला. जूनच्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पॅकेजनं आत्महत्या थांबल्या नाहीत, आणि साईनाथांनी लिहिणंही थांबवलं नाही.

इथून पुढं वाट महाराष्ट्राबाहेर जाते.

२००२. ओडिशातला नुआपाडा जिल्हा, सालिहा गाव. डोळ्यांना अजून विदर्भाच्या काळ्या मातीची सवय आहे, इथं माती तांबूस. एका साध्या घरात एक म्हातारी आदिवासी बाई बसली आहे, साबर जमातीची. नाव देमती देई, पण सगळे ‘सालिहान’ म्हणतात. तिची आठवण कधी स्पष्ट होते, कधी विरते. स्पष्ट होते तेव्हा तुम्ही तिच्यासोबत १९३० मध्ये असता. ती सोळा वर्षांची, सोबत गावातल्या पोरी, सगळ्या शेतात काम करताहेत. तेवढ्यात गावाकडून ओरडा येतो: इंग्रज अधिकारी पोलीस घेऊन आलाय, तिच्या बापाला गोळी लागलीय. पोरी हातातल्या काठ्या घेऊन धावतात. सालिहान त्या बंदूकवाल्या अधिकाऱ्यावर तुटून पडते, काठीनं त्याला झोडपून पळवून लावते. मग जखमी बापाला घेऊन दवाखान्याकडे निघते.

देशभरच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट नाही. तिला स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन मिळाली नव्हती. जो कागद सन्मान म्हणून तिच्या हाती आला, त्यात तिच्यापेक्षा तिच्या वडिलांविषयीच जास्त मजकूर, आणि तिच्या त्या चढाईचा उल्लेखच नाही. तुमच्या हातात तो कागद दिला तर तुम्ही काय कराल? साईनाथांनी जे केलं ते पत्रकार म्हणून करता येण्यासारखं होतं. तिला विचारलं, ऐकलं, लिहिलं, पुन्हा पुन्हा छापलं. आज कुणी सालिहानचं नाव शोधलं तर ते सापडतं. एखाद्या समाजाचे हक्क नाकारायचे तर आधी त्याचा इतिहास नाकारावा लागतो. या देशाच्या घडणीत यांचा काय वाटा, असं विचारणाऱ्याला द्यायचं उत्तर मग कुठं उरतच नाही. आदिवासींच्या हक्काबद्दल बोलताना जंगल, जमीन, पाणी यांची यादी करणारे आपण त्यात स्मरणाचा हक्क धरत नाही, ही आपली मोठी चूक आहे असं मला वाटतं.

आणखी मागे, १९९३-९४. आता तुम्ही खऱ्या अर्थानं त्यांच्यासोबत चालणार आहात. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या डेप्युटी एडिटरची खुर्ची सोडून, ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची अभ्यासवृत्ती घेऊन साईनाथ देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांमध्ये फिरताहेत. एसटीसारख्या खटारा बसा, मालगाडी, ट्रकची टपावरची जागा, होडी, आणि जिथं काहीच जात नाही तिथं पायी. लाखभर किलोमीटरचा हा प्रवास, त्यातले सुमारे ५,००० किलोमीटर पायी.

गोड्डा जिल्हा, तेव्हाचा बिहार. पहाटे रस्त्यावर सायकलींची रांग दिसते, पण सायकलवर कुणी बसलेलं नाही. प्रत्येक सायकलवर दोन-अडीचशे किलो कोळसा लादलेला, आणि माणूस शेजारून ती ढकलत चाललेला. चढ आला की त्याच्या मानेच्या शिरा फुगतात. चाळीस-पन्नास किलोमीटर असंच जायचं. तुम्ही सायकलला हात लावून बघता, ती जागची हलत नाही.

सरगुजा, तेव्हाचा मध्य प्रदेश. रचकेठा गाव. इथं थोडं थांबा, कारण शहागडच्या टँकरचा धागा इथवर आलेला आहे. गावाकडे येणारा एक रस्ता बनलाय. तीन किलोमीटरसुद्धा भरत नाही. पायाखाली माती आणि मुरूम, डांबराचा पत्ता नाही. खर्च १७ लाख ४४ हजार रुपये. हे पैसे पहाडी कोरवा या अतिमागास आदिवासी जमातीच्या विकास योजनेतून काढले गेले. योजनेची अट अशी की लाभार्थी पहाडी कोरवा हवा. ती अट भागवायला गावातला एक कोरवा शेतकरी कागदोपत्री पुरेसा ठरला. या रस्त्याच्या रूपानं आपल्या नावावर साडेसतरा लाखांच्या आसपास रक्कम खर्च झाली, हे त्याला फार उशिरा कळलं. त्याच्या शेताच्या बांधावर उभे राहा. जमीन आहे, पाणी नाही. त्याला हवं होतं ते एवढंच, शेताला थोडं पाणी. त्याच पैशांच्या एका छोट्या हिश्शात त्याची विहीर झाली असती.

तेव्हाच्या बिहारमधल्याच पळामूमध्ये दुष्काळ निवारणाच्या अशाच पैशाला लोकांनी नाव दिलं होतं, तिसरं पीक. खरीप, रब्बी, आणि हे तिसरं, जे शेतकरी पेरतो आणि दुसराच कुणी कापतो. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या साईनाथांच्या पुस्तकाच्या मराठी शीर्षकातली सगळी गोष्ट त्या नावात आहे. २०१३ सालच्या जालन्यात टँकरमालकाच्या वहीत जे पीक कापलं जात होतं, तेही हेच. आदिवासीचा प्रश्न आणि आपला प्रश्न एकच आहे असं मी म्हणणार नाही. अंबडच्या मोसंबीवाल्याकडे सातबारा आहे, मत मागायला येणारा आमदार आहे. त्या कोरव्याकडे जमीन होती, पण असं बळ नव्हतं. पण दोघांच्या नावानं निघणारा पैसा ज्या रस्त्यानं जातो, तो रस्ता एकच आहे. तो दाखवायला लागतो चिवटपणा, आणि प्रत्येक आकड्यामागे ज्याच्या नावावर तो आकडा आहे त्या माणसापर्यंत पायी जायची तयारी.

पुन्हा ओडिशा, कोरापुट. चिकापार गाव. १९६८ सालची पावसाळ्यातली रात्र. मिग विमानांच्या कारखान्यासाठी गाव उठवलं जातंय. डोक्यावर भांडी, कडेवर पोरं, अंगावर पाऊस. गदबा, परोजा, डोम समाजाची माणसं अंधारात निघालीत. नव्या जागी वसली आणि त्या जागेलाही त्यांनी चिकापारच म्हटलं. मग अप्पर कोलाब प्रकल्प आणि नौदलाचा दारूगोळा डेपो यांच्या निमित्तानं पुन्हा उठावं लागलं. साईनाथ तिथं पोचले तेव्हा तिसऱ्यांदा उठायचं सावट डोक्यावर होतं. हा देशासाठीचा त्याग म्हणावा, तर तो त्याच लोकांनी पुन्हा पुन्हा का करायचा? देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, आणि प्रकल्पांनी विस्थापित झालेल्यांत अभ्यासकांच्या अंदाजानं सुमारे चाळीस टक्के. जायकवाडीच्या नाथसागराच्या पोटात पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे भागातली गावं गेली, त्या गावांतून उठलेल्या घरांतली वडीलधारी माणसं हे वाचत असतील तर त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. एकदा उठणंच आयुष्यभर पुरतं.

त्या प्रवासातून ८४ वार्तापत्रं आली, १९९६ मध्ये त्यांचं ते पुस्तक झालं. पुढं त्याच्या मानधनातून त्यांनी ग्रामीण वार्ताहरांसाठी पुरस्कार सुरू केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तालुक्याच्या गावी, अल्प मानधनावर, जाहिराती गोळा करत बातम्या देणाऱ्या माणसाला कुणीतरी म्हणालं की खरा पत्रकार तू आहेस. आता पुन्हा पुढं येऊ. साल २०००, अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा मानवी हक्क पत्रकारितेचा जागतिक पुरस्कार. २००७, मॅगसेसे. पुरस्कारांची ही वर्षं पटकन ओलांडा, त्यांना स्वतःलाही त्यात फार रमताना कुणी पाहिलेलं नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्या त्यांनी उघड केल्या, एकाच नेत्याचं गुणगान करणारा शब्दशः तोच मजकूर परस्परांच्या स्पर्धक वर्तमानपत्रांत आला होता, तेही इथं आठवून ठेवा. आपल्याच व्यवसायाबद्दल असं लिहायला मोठं धैर्य लागतं.

२० डिसेंबर २०१४. या दिवशी ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ सुरू झालं. इथं तुम्ही वर्तमानाच्या जवळ येता. एका पत्रकाराचं काम आता शेकडो पत्रकारांचं झालंय. आदिवासी पाड्यांवरून आदिवासी मुलंमुलीच लिहिताहेत, फोटो काढताहेत, आणि ते लेखन मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत वाचता येतं. त्यातच जात्यावरच्या ओव्यांचा तो प्रचंड ठेवा आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या. एक ओवी लावा. ती १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेली असू शकते. माजलगाव शहागडपासून किती दूर? गोदावरी ओलांडून गेवराई, आणि तिच्या पुढचा तालुका. दलित बाया बाबासाहेबांवर गाताहेत. ज्या बायकांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्यांचा आवाज आज जगभर ऐकता येतो. तुमच्या आजीची ओवी कुणी लिहून घेतली होती का?

साईनाथ आता वयानं थकायच्या वळणावर असतील, पण त्यांची पद्धत कुणालाही उचलता येण्यासारखी आहे. तिच्यात काही गूढ नाही. दुष्काळ पडल्यावर लिहायचं, तसंच दुष्काळ नसतानाही लिहायचं. घटनेच्या मागे जी वर्षानुवर्षं चाललेली प्रक्रिया असते ती धरायची. बातमीतला माणूस हा दया करायचा विषय नाही, तो आपल्याला काही सांगू शकणारा जाणकार आहे असं मानून त्याच्यासमोर बसायचं. त्याच्या परवानगीशिवाय त्याचा फोटो छापायचा नाही. आणि हिशोब लिहायचा, पैशापर्यंत.

शहागड, अंबड, गेवराई, घनसावंगीच्या वार्ताहरांनो, आणि वार्ताहर नसलात तरी लिहिता येणाऱ्या सगळ्यांनो, ही विनंती तुम्हाला आहे. तुमच्या तालुक्यात पारध्यांची पालं आहेत. १८७१ च्या कायद्यानं ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला जो कागदावरून पुसला गेला, तो शिक्का त्यांच्या दारात आजही चौकशीला येतो. बंजाऱ्यांचे तांडे आहेत, दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणारी, मुकादमाची उचल फेडायला सहा महिने घर सोडणारी कुटुंबं आहेत. येत्या उन्हाळ्यात तुमच्या गावाला टँकर लागेल. प्रत्येक सरकारी टँकरच्या खेपांची नोंदवही असते. ती माहितीच्या अधिकारात मागा. त्यातली खेप ज्या तांड्याच्या, ज्या वस्तीच्या नावावर लिहिली असेल, तिथं पायी जा, आणि तिथल्या बाईला विचारा की त्या दिवशी पाणी आलं होतं का. ती जे सांगेल ते तारखेसह छापा.